डावा कान

शाळेची बाजाची पेटी दुरुस्त करायला मास्तर जालन्याला निघाले, तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्या पोरांना बरोबर घेतलं. पोलीस ॲक्शनच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. आमचं गाव जालन्याहून अंबडला जाणाऱ्या सडकेवर, जालन्यापासून तीन कोसांवर. शाळा चौथीपर्यंत, खोली एक, मास्तर एक. आम्ही सगळे मिळून पंचवीस-तीस पोरं असू आणि त्यातल्या निम्म्यांनी जालना पाहिलेलं नव्हतं.

मास्तर शहागडच्या बाजूचे, गोदाकाठच्या एका खेड्यातले. बायको-मुलं तिकडंच होती. इथं ते मारुतीच्या देवळामागच्या खोलीत एकटे राहायचे आणि हातानं करून खायचे. त्यांच्याइतका जीव लावून शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आमच्या शाळेला पेटी मिळाली तीही त्यांच्यामुळंच. घरोघर फिरून, ज्वारी गोळा करून, ती विकून त्यांनी एक जुनी पेटी आणली. रोज सकाळी त्या पेटीवर प्रार्थना व्हायची, आणि पेटीवर बोटं ठेवली की मास्तरांचा चेहरा सैल व्हायचा. पण त्यांना राग यायचा तो एकदम. राग आला की हात आधी उठायचा, आणि नंतर त्यांचं त्यांनाच वाईट वाटायचं. मग ज्याला मारलं त्याच्या पाटीवर ते नवीन पेन्सिल ठेवायचे. आम्हाला ते ठाऊक होतं. पेन्सिल मिळाली की आम्ही मार विसरायचो.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, एक साहेब शाळा तपासायला आले. निजाम सरकारच्या सलामतीची दुआ आम्हाला म्हणून दाखवायची होती. मास्तरांनी पंधरा दिवस ती आमच्याकडून पेटीशिवाय, नुसत्या तोंडी घोटून घेतली होती. उर्दू शब्दांचा अर्थ कुणाला कळत नव्हता, पण चाल पक्की होती. माझा आवाज चढा होता म्हणून सुरुवात मी करायची असं ठरलेलं. मी केली. बाकीची पोरं मागून आली, आणि तिसऱ्या ओळीला पेटी एकीकडे आणि माझा आवाज दुसरीकडे असं झालं. साहेब हसले. "मास्टर साब, ये बच्चा तो बिलकुल बेसुरा है," म्हणाले. नुसतंच म्हणाले, रागावून नाही. शाळेबद्दल त्यांनी शेरा चांगलाच लिहिला.

साहेबांचा टांगा सडकेला लागला आणि मास्तर आत आले. मी पहिल्याच रांगेत उभा होतो. त्यांनी पूर्ण हात फिरवून माझ्या डाव्या कानाखाली दिली. मला आवाज आठवतो. बाहेरून आल्यासारखा नव्हता, डोक्यातच काहीतरी फुटलं असं वाटलं. मग शिटीसारखं वाजत राहिलं. संध्याकाळी माझ्या पाटीवर पेन्सिल होती.

घरी मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी कान ठणकायला लागला, मग वाहायला लागला. मायनं लसूण घालून तेल कढवलं आणि कोमट करून कानात सोडलं. ती म्हणाली, पावसाचं पाणी गेलं असंल. मी हो म्हणालो. महिनाभरानं ठणका गेला. शिटीही गेली. पण त्या कानातून ऐकू येणंच बंद झालं.

हे फक्त माझ्या शेजारी बसणाऱ्या शिंप्याच्या पोराला ठाऊक होतं. कारण मी त्याच्याशी जागा बदलून घेतली होती. वर्गाच्या डाव्या टोकाला भिंतीला टेकून बसलो की उजवा कान सगळ्या वर्गाकडे राहायचा. तरी मास्तर मागून किंवा लांबून बोलले की मला समजायचं नाही. "लक्ष कुठं हाय तुझं?" म्हणून दोनदा पाठीत धपाटा बसला. आधी मी हुशार म्हणून गणला जायचो. दिवाळीपर्यंत मी गाफील पोरगा झालो होतो.

दिवाळी झाल्यावर पेटीचा भाता फाटला आणि मास्तरांनी जालन्याचा बेत केला. पेटी एका शेतकऱ्याच्या गाडीत ठेवली, पहिली-दुसरीची लहान पोरं तिच्याभोवती बसवली, आणि बाकीचे आम्ही चालत. थंडीचे दिवस होते. पहाट फुटताना निघालो. मास्तर पुढं चालत होते, मधेच मागं वळून पाढे म्हणायला लावत होते. त्या दिवशी ते फार खुशीत होते. म्हणाले, "पेटी वाजती कशी ते तुमाला पोट फाडून दाखवतो."

कुंडलिका नदी ओलांडून आम्ही जालन्यात शिरलो. मास्तर ज्याला वाद्यांचा कारखाना म्हणत होते ती एक लांबोडकी खोली होती, पुढं पत्र्याची पडवी. आढ्याला तंबोऱ्याचे वाळलेले भोपळे टांगलेले, भिंतीला ढोलक्या आणि पखवाज, कोपऱ्यात ताणून ठेवलेलं कातडं. लाकूड चिकटवायचा सरस शिजत ठेवला होता, त्याचा वास सगळ्या खोलीत भरलेला. मालक म्हणजे एक म्हातारे मुसलमान कारागीर. पांढरी दाढी, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मास्तर त्यांना उस्ताद म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणालो. इतकी पोरं बघून ते घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चटई झटकली आणि म्हणाले, "आव, बैठो. पर किसी चीज को हात नक्को लगाव."

त्यांनी पेटीचे खिळे काढले, वरची फळी उचलली आणि खरोखरच तिचं पोट आम्हाला दाखवलं. पितळेच्या पातळ जिभा ओळीनं बसवलेल्या होत्या. ते म्हणाले, हेच पेटीचे सूर. पूर्वी जर्मनीहून यायचे, आता लढाईमुळं येत नाहीत, म्हणून ते जुनेच घासून पुसून लावतात. एकेक सूर ते तोंडानं फुंकून बघत होते. एका जागी थांबले. पुन्हा फुंकला. मग शेजारच्या चांगल्या पेटीवर तोच सूर वाजवला. दोन्हीतला फरक आम्हा पोरांनाही कळला.

"ये सूर उतर गया है, मास्टर साब. कबसे?"

मास्तर म्हणाले, "भाता तर आत्ता फाटला."

"भाते का नै बोलता. ये सूर का बोलता. इस पे हरा जंग है, मतलब बारिश के शुरू सेच उतरा हुवा है." मग आमच्याकडे बघून हसत म्हणाले, "इस पेटी पे जो बच्चा सुर में गाया, वोही बेसुरा लगा होगा."

पोरं हसली. मला तेव्हा लगेच काही उमगलं नाही. मी मास्तरांकडे पाहिलं, कारण ते हसले नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. माझी त्यांची नजर भेटली आणि त्यांनी ती खाली घेतली. मग मला उमगलं.

उस्तादांनी तो सूर कानशीनं घासायला घेतला. काम बारीक होतं, वेळ लागत होता, आणि पोरं चुळबुळ करायला लागली. लहानांपैकी एकानं ढोलकीवर थाप मारली. तेव्हा उस्ताद उठले. रागावले नाहीत. म्हणाले, "आमचं खरं हत्यार हे," आणि स्वतःच्या कानाला हात लावला. "बघू तुमचं हत्यार कसं हाय." मराठी ते असंच बोलायचे, दोन वाक्यं मराठी, चार दखनी.

खेळ सोपा होता. एकानं भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभं राहायचं. उस्ताद अनवाणी पावलांनी कुठंतरी जाऊन एक सूर फुंकणार. आवाज ज्या बाजूनं आला तिकडं हात करायचा. पहिलीतलं एक पोर गेलं, त्यानं बरोबर हात केला. दुसरं गेलं, तेही बरोबर. कुणीच चुकत नव्हतं. मास्तरही आता हसत होते. मी मागं मागं सरकत गेलो, पण पोरांनी मला पुढं ढकललं.

मी डोळे मिटले. सूर वाजला. मला तो उजवीकडून आला. मी उजवा हात केला आणि पोरं हसली. पुन्हा वाजला. पुन्हा उजवीकडून. पुन्हा हसली. तिसऱ्यांदा मी मुद्दामच डावा हात केला, आणि या वेळी हसू आधीपेक्षा मोठं झालं, कारण उस्ताद खरंच उजवीकडे उभे होते. त्या हसण्यात चौथ्यांदा वाजला की नाही तेच मला कळलं नाही. मी तसाच उभा राहिलो. हसणं हळूहळू थांबलं.

उस्तादांनी मला वळवलं. माझा उजवा कान त्यांनी तळहातानं दाबून धरला आणि डाव्या कानाशी सूर फुंकला. त्यांचे गाल फुगलेले मला दिसले.

"कबसे?" त्यांनी विचारलं.

माझ्याआधी शिंप्याचं पोरगं बोललं. चुगली म्हणून नाही, मला मदत म्हणून. "त्याला त्या कानानं येतच न्हाई ऐकायला. साहेब आल्ते तवा मास्तरांनी मारलं ना, तवापासून."

मी मास्तरांकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "न्हाई उस्ताद. इहिरीत पडल्तो. पाणी गेलं कानात."

असं मी का म्हणालो, याचा मी पुढं फार विचार केला. मास्तरांना वाचवावं असं मनात होतंच. पण भीतीही होती. आणि इतक्या पोरांसमोर मार खाऊन बहिरा झालेला पोरगा व्हायची लाजही होती. यातलं कोणतं जास्त, ते मला आजही ठरवता येत नाही.

उस्ताद मागं वळले. त्यांनी एक तंबोरा काढला, तार छेडली आणि त्याचा दांडा माझ्या डाव्या कानामागच्या हाडाला टेकवला. मी दचकलो. डोक्यात, त्याच बाजूला, सूर घुमत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या बाजूला काहीतरी होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उस्ताद म्हणाले, "अंदर का कान जिंदा है. पडदा गया. जल्दी दवाखाने में दिखाव." मग ते मास्तरांजवळ गेले आणि हळू बोलले. पण ते माझ्या उजव्या बाजूला होते, मला ऐकू आलं. "हमारे धंदे में भी उस्ताद लोग मारते थे, मास्टर साब. बहोत मारते थे. पर कान पे नै मारते थे."

पेटी दुरुस्तीला तिथंच ठेवून आम्ही निघालो. नदीच्या वाळूत बसून भाकरी खाल्ली. बाकीच्यांनी वाळूत दंगा केला. परत येताना मास्तरांनी मला गाडीत बसायला सांगितलं, मोठा असूनही. ते स्वतः सगळ्यांच्या मागं चालत होते. पाढे म्हणायला लावले नाहीत. गाव अर्ध्या कोसावर आलं तेव्हा ते भराभर चालत गाडीजवळ आले आणि माझ्या उजव्या बाजूला झाले.

"इहिरीत पडलास तवा संगं कोण होतं?"

"कुणी न्हाई."

"मंग निघालास कसा? तुला पवता येतं?"

मला पोहता येत नव्हतं. साऱ्या गावाला ते माहीत होतं. मी म्हणालो, "न्हाई येत."

गाडीच्या साटीला हात लावून ते थोडा वेळ चालले, मग पुन्हा मागं राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आमच्या घरी आले. बाप शेतावर निघाला होता, तो थांबला. मास्तर ओट्यावर बसलेही नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "तुमच्या लेकराचा कान माझ्या हातानं गेला. पेटीच खराब होती. त्याची चूक नव्हती."

मला वाटलं, माय आता भांडणार. शेजारणीच्या म्हशीनं कडबा खाल्ला तर माय भांडायची. पण तिनं पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही मारलं ते त्याच्या भल्यासाठीच असंल. त्याचं काही मनाला लावून घेऊ नका." बापानं इतकंच विचारलं, "दुसरा शाबूत हाय ना?" मग तो बैल घेऊन गेला. मायनं मास्तरांना दूध दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात मास्तर मला घेऊन जालन्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आरशाचा उजेड कानात पाडून पाहिलं. म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं, भोक मोठं झालंय, आत सडलंय. पाणी जाऊ देऊ नका. औषधाचे थेंब दिले. मास्तर रोज शाळेत येताना ती बाटली खिशात घेऊन यायचे आणि मला आडवं करून थेंब सोडायचे. माझं डोकं त्यांच्या मांडीवर असायचं आणि मी भिंतीकडे बघत पडायचो. कान काही आला नाही.

त्यानंतर मास्तरांनी कुणावरच हात उचलला नाही. छडी खोलीतून गेली. पोरांच्या हे लवकरच ध्यानात आलं आणि वर्गात गोंधळ व्हायला लागला. पेटी दुरुस्त होऊन आली, पण ती फडक्यात बांधलेलीच राहिली. प्रार्थना आम्ही तशीच म्हणायचो. मोठी पोरं मला म्हणायची, "तुझ्यामुळं पेटी बंद झाली."

आता सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या कानाबद्दल त्या घरात, त्या गावात कुणालाच राग आला नव्हता. मायला नाही, बापाला नाही. वाईट वाटलं ते एका मास्तरांनाच. आणि म्हणून मला छळता आलं तेही एकट्या मास्तरांना. मी अभ्यास सोडला. ते मला समोर बोलावून गणित विचारायचे, आणि मी हळूच मान वळवून डावा कान त्यांच्याकडे करायचो. ऐकू आलेलं असायचं. एका खोलीत तेवढं कळण्यापुरतं उजव्या कानानं ऐकू येत होतं. तरी मी तसाच उभा राहायचो. मग त्यांचा आवाज थांबायचा. एकदा त्यांनी पाटी खाली ठेवली आणि ते बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहिले. पोरं माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. मी दहा वर्षांचा होतो, पण मी काय करतोय हे मला बरोबर कळत होतं.

शिंप्याच्या पोरानं मला एकदा विचारलं, "तू मुद्दाम करतोस का?"

"तुला काय करायचंय?" मी म्हणालो. तेव्हापासून त्यानं माझ्याशी बोलणं कमी केलं.

उन्हाळ्यात अंबडला चौथीची परीक्षा झाली. माझ्या बरोबरची पोरं पास झाली, मी नापास. परीक्षेआधी मास्तर मला शिकवायला महिनाभर संध्याकाळी घरी येत होते, ते सांगायचं राहिलं. ते यायचे आणि मी गोठ्यात जाऊन बसायचो.

सुट्टी संपायच्या आत मास्तरांची बदली झाली. त्यांनी ती मागून घेतली होती असं नंतर कळलं. ते निघाले त्या दिवशी गाव सडकेपर्यंत गेलं. मायनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी गेलो नाही. माय परत आली तेव्हा मी दारात बसलो होतो.

"इचारत होते तुला," ती म्हणाली.

"काय म्हणले?"

"काही न्हाई. इचारलं निस्तं."

नवे मास्तर आले. दुसऱ्याच दिवशी पाढा चुकला म्हणून त्यांनी मला हात पुढं करायला सांगितलं. पोरं माझ्याकडे बघत होती, मी आता मान वळवतो का म्हणून. मी हात पुढं केला. छडी चांगली लागली. मला रडू आलं नाही, उलट बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच नंतर शरम वाटली. त्या वर्षी मी पास झालो आणि पुढं शिकायला अंबडला गेलो.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका लग्नासाठी मी शहागडला गेलो होतो. मास्तरांचं खेडं तिथून नदीच्या काठाकाठानं दीड कोस. वऱ्हाड जेवायला बसलं तेव्हा मी कुणाला न सांगता चालत निघालो. घर सापडायला वेळ लागला नाही. मास्तर घरात नव्हते. त्यांची बायको ओट्यावर तूर पाखडत बसली होती. तिनं पाणी दिलं आणि कुठला म्हणून विचारलं.

"त्यांच्या हाताखाली शिकलेला हाय," मी म्हणालो. "आता कोणत्या गावाला असतात ते?"

"कुठं गावाला," ती म्हणाली. "शाळा सोडूनच दिली त्यांनी. पाच वर्षं झाली. बदली झाली तिथं दोन महिने टिकले न टिकले, आन् आले निघून. पोरं शिकवणं आपलं काम न्हाई म्हणतात. आता मळा बघतात." सूप खाली ठेवून ती माझ्याकडे नीट बघायला लागली. "बस की. दिवस मावळायला येतील. कोण आल्तं म्हणून सांगू?"

मी गावाचं नाव सांगितलं नाही. वऱ्हाड माझी वाट बघत असंल, असं म्हणालो. तांब्या ओट्यावर ठेवला आणि आलो त्या वाटेनं परत निघालो. वाटेत दोन मळे लागले. दुसऱ्या मळ्यात कुणीतरी मोट हाकत होतं, पाठमोरं. मला तोंड दिसलं नाही, आणि मी थांबून पाहिलंही नाही.